हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स निकॉन डी५३०० वर: काचेचा अडॅप्टर घ्यावा की बिनकाचेचा?

शाहूपुरीकर, सातारा

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या काकांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या कपाटातली, झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) काकूंनी नुकतीच चामड्याच्या पिशवीसकट माझ्या हाती दिली. काकांच्या हातची ही वस्तू कपाटात पडून राहू नये, यंदा कास पठारावरची फुले तिनेच टिपावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. एम४२ आट्यांची लेन्स त्यावर बसवण्यासाठी दोन प्रकारचे अडॅप्टर मिळतात: एकात काच असते, दुसरे नुसते कडे असते. दुकानदार काचेचाच घ्या म्हणतात. कोणता घ्यावा?

मिरजकर

आधी काच कशासाठी असते ते पाहू, म्हणजे निर्णय सोपा होईल. एम४२ लेन्स बसते त्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी धरलेले आहे, तर निकॉनच्या एफ माउंटचे (लेन्स बसवण्याच्या खाचेचे) हेच अंतर ४६.५ मिमी आहे. म्हणजे निकॉनवर ही लेन्स असायला हवी त्यापेक्षा किमान एक मिलिमीटर पुढे राहते, अडॅप्टरच्या जाडीने आणखी थोडी पुढे सरकते, आणि इन्फिनिटीवर, म्हणजे खूप दूरच्या दृश्यावर, फोकस लागत नाही. आपल्या ५८ मिमी लेन्सवर साधारण दोन-तीन मीटरांपलीकडचे सगळे धूसर राहील. अजिंक्यताऱ्यावरून शहराचा फोटो या जोडणीने मिळणार नाही.

काचेचा अडॅप्टर ही उणीव भरून काढतो खरा, पण त्या भिंगाचा दर्जा बहुधा सुमार असतो. एफ/२ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना, चित्र दुधाळ होते आणि ज्या गुणांसाठी जुनी लेन्स लावायची तेच हरवतात. आपल्याला तर फुले टिपायची आहेत. सीतेची आसवे किंवा तेरडा टिपताना लेन्स हातभर अंतरावरच असणार, तिथे इन्फिनिटीचे काम काय? उलट लेन्स जरा पुढे सरकल्याने तिच्या मूळच्या अर्ध्या मीटरपेक्षाही थोडे जवळ जाता येते. म्हणून माझे स्पष्ट मत बिनकाचेच्या कड्याच्या बाजूने आहे.

पुढेमागे दूरची दृश्येही हवीशी वाटली, तर वापरलेली मिररलेस (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची) बॉडी शोधावी. सोनीच्या ई माउंटचे अंतर १८ मिमीच असल्याने मधला अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी असते, आणि इन्फिनिटी बिनतक्रार मिळते. मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात, भोपळ्यावर चाललेले कोरीवकाम मी अशाच जोडणीने टिपतो.

विश्रामबाग, सांगली

अडॅप्टर मागवण्याआधी लेन्स तपासा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड तिरका सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती बराच काळ राहिली तर काचेवरचे कोटिंग खाते, आणि मग साफ करूनही डाग जात नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी माझ्या कपाटापर्यंत आले नव्हते, पण त्यानंतर कित्येक आठवडे भिंतींत राहिलेल्या ओलीने माझ्या दोन लेन्स गेल्या, याचे दुःख आजही आहे. त्या चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते. पिशवी आठवण म्हणून जपा. लेन्स मात्र सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात असू द्या.

शाहूपुरीकर, सातारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काच स्वच्छ आहे. फक्त अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा पुसट थर दिसतो. बिनकाचेचे कडे आणून अंगणातल्या जास्वंदीवर प्रयोग केला. परागांची पिवळी टोके एकेक करून वेगळी दिसली आणि मागची भिंत गोल गोल ठिपक्यांत विरघळली, ते पाहून काकूंनाही गहिवरून आले. अडचण एवढीच की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चालत नाही, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट वाटलेले फूल प्रत्यक्ष फोटोत हलकेच धूसर निघते.

मिरजकर

पात्यांवरचे तेल या लेन्समध्ये तितकेसे बाधत नाही, कारण त्यांना उघडमीट करणारी स्प्रिंग तिच्यात नसते. आपण लेन्सवरचे कडे फिरवू तशीच ती हलतात. मीटर या बॉडीवर अशा लेन्सला मिळणारच नाही, तेव्हा मोड एम (मॅन्युअल) ठेवून एक फोटो काढावा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून शटरचा वेग बदलावा. फोकसची चूक मात्र आपली नाही. आपल्यासारख्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधला पडदा एफ/२ वर फोकसमध्ये येणारी खरी उथळ खोली दाखवतच नाही, म्हणून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचे थेट दृश्य) चालू करून दृश्य मोठे करून पाहावे. लेन्सच्या पुढच्या, खटके असलेल्या कड्यावर एफ/५.६ लावून ठेवा, दुसऱ्या कड्याने पाती पूर्ण उघडून फोकस साधा, आणि नजर न हलवता ते कडे अडेपर्यंत फिरवून शटर दाबा. कासला वारा सतत असतो. तिथे फोकसच्या कड्याशी झुंजण्यापेक्षा स्वतः किंचित पुढे-मागे होणे बरे. मात्र गुडघे टेकण्याआधी खाली पाहावे, कारण गेंदाची रोपे पायाखाली सहज चिरडली जातात.