माझदा आरएक्स-७ विकायची आहे : इंजिन नव्याने बांधल्याची खात्री गिऱ्हाइकाला कशी द्यावी?

तेराबी_मालक
माझ्याकडे १९९३ सालची माझदा आरएक्स-७, एफडी मालिकेतली, अकरा वर्षांपासून आहे आणि आता ती विकायचे मी ठरवले आहे. तिचे १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी (पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारे) इंजिन दोन वर्षांपूर्वी पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले आणि त्यानंतर गाडी सुमारे ६,००० किलोमीटर चालली. कंपनीचे दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे) काढून एकच मोठा टर्बो, ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, पेट्रोल फवारणारे जास्त क्षमतेचे इंजेक्टर आणि पॉवर एफसी हा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बसवला आहे. मला इंजिनाचे काम ही गाडीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, पण पाहायला येणारा प्रत्येक जण नेमका तिथेच बिचकतो. त्यांना काय दाखवावे, आणि झालेला खर्च किमतीत कितपत धरावा?

रोटर_आणि_सील
बिचकणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण ‘इंजिन बांधले’ या दोन शब्दांत फार वेगवेगळी कामे मावतात. कोणी जुन्याच झिजलेल्या हाउसिंगमध्ये (रोटर ज्यात फिरतो त्या कवचात) नुसते सील (फटी बंद ठेवणाऱ्या पट्ट्या) बदलतो, तर कोणी हाउसिंग, सील, स्प्रिंग, बेअरिंग असे सगळे नवे घालतो. म्हणून कोणता भाग नवा आणि कोणता जुनाच वापरला, हे पावत्यांसह लिहून द्या. इंजिन उघडलेले असतानाचे फोटो असतील तर हाउसिंगच्या आतल्या क्रोमचा पृष्ठभाग त्यांत स्पष्ट दिसू द्या.

दुसरे, कॉम्प्रेशनची, म्हणजे रोटर हवा किती दाबतो याची, चाचणी रोटरीसाठीच्या खास यंत्रावर करून घ्या. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यांतला सर्वांत जास्त दाब तेवढाच धरून ठेवतो, त्यामुळे एखादी बाजू कमजोर असली तरी ती झाकली जाते. दोन्ही रोटरचे मिळून सहा आकडे, इंजिन गरम असताना घेतलेले आणि २५० आरपीएमला (मिनिटाला २५० फेऱ्यांना) जुळवलेले, कागदावर हवेत. दर चौरस सेंटीमीटरला ६ किलोच्या खाली आकडा गेला किंवा बाजूंमधला फरक दीड किलोच्या वर असला, तर जाणकार माणूस पुढे बोलणारच नाही.

आणि गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवू नका. गार इंजिन त्याच्यासमोर चालू करा, म्हणजे कूलंट सील (इंजिन थंड ठेवणारे पाणी अडवणारे) गळत असल्यास निघणारा पांढरा धूर नाही, हे तो स्वतः पाहील. मग फेरी मारून आल्यावर इंजिन बंद करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून दाखवा. कॉम्प्रेशन उतरलेली रोटरी गरम असतानाच सुरू व्हायला कुरकुरते.

जुना_टर्बो
किमतीचे स्पष्ट सांगतो : बदलांवर केलेला खर्च वसूल होत नाही, तो धरूच नका. या गाडीला मागणी आहे ती मूळ स्थितीत असण्याची, त्यामुळे काढलेले जोड टर्बो, मूळ ईसीयू आणि इंटरकूलर जपून ठेवले असतील तर ते गाडीबरोबर द्या. मी माझी विकताना ते सुटे विकून टाकले होते. नंतर आलेल्या दोन चांगल्या गिऱ्हाइकांनी पहिला प्रश्न त्यांचाच विचारला आणि दोघेही परत फिरले, याची हळहळ अजून वाटते.

प्रीमिक्स
एक गोष्ट कोणी विचारली नाही. तुमच्या गाडीत ऑइल मीटरिंग पंप (इंजिनात थोडे थोडे तेल मोजून सोडणारा) जागेवर आहे का? मोठा टर्बो बसवताना तो बरेचदा काढून टाकतात आणि मग अपेक्स सीलना (रोटरच्या टोकांवरच्या सीलना) वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे लागते. तुम्हाला ते अंगवळणी पडलेले असते, पण नव्या मालकाला कोणी सांगितले नाही, तर तो नुसते पेट्रोल भरत राहील आणि तुम्ही जिवापाड जपलेले इंजिन त्याच्या हातून झिजून जाईल.

तेराबी_मालक
सर्वांचा आभारी आहे. पंप काढलेलाच आहे आणि जाहिरातीत मी त्याचा उल्लेखही केला नव्हता. दर वेळी ऑइल मोजून ओतण्याची इतकी सवय झाली आहे की तो सांगण्याचा मुद्दा आहे हेच सुचले नाही. आज जाहिरात दुरुस्त केली, पेट्रोलच्या झाकणाच्या आत मिश्रणाचे प्रमाण लिहिलेली पट्टी चिकटवली आणि कॉम्प्रेशनच्या चाचणीसाठी वेळ ठरवली. जोड टर्बो माळ्यावर तेलकट कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत, ते गाडीबरोबरच जातील. सहाही आकडे हाती आले की इथे लिहितो.