प्रति: ‘गप्प राहावे’ एवढंच?

चर्चमध्ये बायकांनी बोलावं-शिकवावं का, या चर्चेत वर कुणीतरी बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ दाखवून विषय मिटवलाय. इतकं सोपं नाही ते. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात ते लिहिणारा पौल म्हणतो, प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं झाकावं. म्हणजे बायका बोलत होत्या, हे त्याने गृहीतच धरलंय. बायबलमधल्याच प्रिस्किल्लेने तर नवऱ्यासोबत अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकवलं.

पण इतक्या चर्चेत ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंचं नाव निघू नये? तेही मुंबईकरांत? 1885 मध्ये त्या इंग्लंडात चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा मोडता घालणाऱ्यांत आपल्या मुंबईचे बिशपही होते. बाईंनी कळवलं की, ‘आई आणि मी तरुणांना शिकवायचो, त्याला ना वडिलांची हरकत होती, ना नवऱ्याची.’ पुढे 1889 मध्ये त्यांनी चौपाटीला शारदा सदन ही विधवा-मुलींची शाळा काढली. नंतर केडगावात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते छापून पुरं झालं 1924 मध्ये, त्यांच्या मागे. छपाईचे खिळे जुळवायला बसल्या होत्या त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायका.