चर्च विरुद्ध विज्ञान, एवढंच होतं का?

गोदाकाठ (नांदेड)
बीए सेकंड इयरला आहे. सेमिनारचा विषय : युरोपातला धर्म, राजसत्ता आणि विज्ञान. नोट्समध्ये एकच सूर, चर्चनं दाबलं आणि राजांनी वाचवलं. पण वाचायला बसले की गोंधळ व्हायलाय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते सांगणारं कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक पोप तिसऱ्या पॉललाच अर्पण केलेलं. त्याच मताच्या बाजूचं गॅलिलिओचं १६३२ चं पुस्तक चर्चची परवानगी घेऊन छापलेलं. मग दाबलं कुणी?

लातूर_पॅटर्न
ब्रूनो या तत्त्वज्ञाला १६०० मध्ये रोमला जाळलं. संपला विषय. पाच मार्काला एवढं बास.

जुना मास्तर (अंबाजोगाई)
पाच मार्कवाल्यांनी जरा दम धरावा. ब्रूनोवरचे बरेच आरोप ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दलचे, निव्वळ धर्ममताचे होते. अनेक जगांची कल्पना त्यातलीच एक.

पोरी, तू केप्लर धर. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा खगोलज्ञ. माणूस ल्यूथरपंथी, म्हणजे पोपला न मानणारा प्रोटेस्टंट. ऑस्ट्रियातल्या ग्राझला गणित शिकवायचा आणि वर्षाचं पंचांगही काढायचा, थंडी किती पडंल, तुर्क कधी येतील, सगळ्या भाकितांसकट. १६०० मध्ये तिथं राज्य करणाऱ्या कॅथलिक आर्चड्यूकनं धर्म बदल नाहीतर नीघ म्हणून त्याला हाकललं. आसरा कुणी दिला? प्रागच्या रुडॉल्फ बादशहानं, तोही कॅथलिकच! बादशहाचा खगोलज्ञ टायको ब्राहे १६०१ ला वारला आणि त्याच्या जागी केप्लर राजगणिती झाला. पुढं लिंझला त्याच्याच पंथाच्या पाद्र्यानं त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, बाहेर ठेवलं, कारण गडी पंथाच्या मतपत्रावर बिनशर्त सही करीना. त्याच्या आईवर चेटकीण म्हणून खटला चालला, तोही ल्यूथरपंथी मुलखातच. पोरानं स्वतः बचाव लिहिला. १६२१ ला म्हातारी सुटली.

आणि पगार? कायम थकलेला. १६३० मध्ये थकबाकीचं बघायला रेगेन्सबर्गला गेला, तिथंच वारला. विनाअनुदानित तुकडीवर राबलेल्या माणसाला राजाश्रय म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

गोदाकाठ (नांदेड)
सर, भारी! पण मग १६३३ ला रोममध्ये चर्चनं गॅलिलिओवर त्या पुस्तकापायी खटला चालवला, तेव्हा फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्यानं त्याला का नाही वाचवलं? गुरूच्या चंद्रांना त्यांचंच नाव दिलं होतं ना त्यानं?

जुना मास्तर (अंबाजोगाई)
दिलं, आणि १६१० मध्ये फ्लॉरेन्सच्या दरबारात नोकरी मिळवली. माझ्या मते घोडचूक. आधी तो पडुआला, म्हणजे व्हेनिसच्या राज्यात होता. त्या व्हेनिसनं १६०६ ची पोपची धर्मबंदी (राज्यातले धर्मविधी बंद करायचा हुकूम) जुमानली नव्हती, उलट पोपशी एकनिष्ठ असलेल्या जेजुइट पाद्र्यांनाच हाकललं होतं. फ्लॉरेन्सच्या ड्यूकमध्ये तेवढी धमक नव्हती. १६३३ ला गादीवर दुसरा फर्डिनांड, विशीतला पोरगा. त्याच्या राजदूतानं रोममध्ये गॅलिलिओला आपल्या घरी ठेवून घेतलं, रदबदली केली. त्यापुढं काही चाललं नाही.

पोप आठवा अर्बन तर गॅलिलिओचा जुना चाहता. पण त्याचाच युक्तिवाद गॅलिलिओच्या पुस्तकातल्या सिम्प्लिसिओ या बावळट पात्राच्या तोंडी आला, त्याचा राग. वर कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, आणि तू धर्मद्रोह्यांशी मऊ वागतोस म्हणून स्पेनचे कार्डिनल (वरिष्ठ धर्माधिकारी) त्याच्या मागं लागलेले. अशा वेळी त्याला कुणावर तरी कडक होऊन दाखवणं भागच होतं.

पाणचक्कीवाला
न्यूटन पण घ्या ताई. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो, आणि मनातून ट्रिनिटीच (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत) अमान्य! फेलोशिप टिकवायला पाद्रीपदाची दीक्षा घ्यावी लागायची. १६७५ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानं त्याच्या प्राध्यापकपदालाच त्यातून सूट दिली, म्हणून निभावलं. खरं मत त्यानं जन्मभर चारचौघांत काढलं नाही.