घोड्याच्या स्लेजला ब्रेक कुठे असतो?

उताराचा_प्रवासी
बर्फावर घोड्याने ओढायच्या गाडीचे, म्हणजे स्लेजचे, व्हिडिओ बघताना तीन गोष्टी कळेनात. चाक नाही म्हणजे ब्रेकही नाही, मग उतारावर गाडी घोड्याच्या पायांवर कशी आदळत नाही? घोडा स्वतः कसा घसरत नाही? आणि घुंगरं नुसती शोभेची का? नीट माहिती असलेल्यांनी सांगावं. "सवय असते" असं उत्तर नको.

जुनी_लगाम
ब्रेक म्हणजे घोडाच. घोड्याच्या पुठ्ठ्यामागून, म्हणजे ढुंगणामागून, एक रुंद चामडी पट्टा आडवा फिरतो आणि घोड्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या गाडीच्या दांड्यांना बांधलेला असतो. उतारावर गाडी पुढे सरकली की दांड्याही पुढे सरकतात, पट्टा मागून आवळतो आणि घोडा मागे रेलून सगळा भार पुठ्ठ्यावर घेतो. सपाटीवर टांग्याचं या पट्ट्यावाचून निभतं, स्लेजचं निभत नाही.

थोडा हिशोब करू. माणसांसह गाडी 500 किलोची धरा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर रनरचं, म्हणजे चाकाऐवजी गाडीखाली असलेल्या लोखंडी पट्टीचं, घर्षण वजनाच्या साधारण 5 टक्के धरलं, तर सपाटीवर घोड्याला 25 किलोचीच ओढ लागते. 20 मीटरला 1 मीटर उतार आला की उताराची ओढ आणि घर्षण बरोबरीला येतात, गाडी जवळपास आपोआप चालते. 10 मीटरला 1 मीटर उतार असेल तर उलट 25 किलोचा रेटा घोड्यावर येतो. बर्फ कडक आणि गुळगुळीत असेल तर घर्षण आणखी घटतं, म्हणजे रेटा याहून जास्त.

पट्टा बांधताना चुका होतात त्या उंचीत. शेपटीच्या बुंध्याखाली, मांडीच्या साधारण मध्यावर तो हवा. खाली उतरला तर मागचे पाय पुढे ओढले जातात, वर चढला तर शेपटीखाली घुसतो आणि घोडा बिथरतो. ओढ चालू असताना पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आडवा हात सहज जाईल एवढी ढील ठेवतात. जास्त ढील ठेवली तर गाडी आधी वेग घेते आणि मग धक्का देते.

लाकडाच्या ओंडक्यांच्या जड स्लेजला एवढंही पुरत नाही. तिथे रनरखालून साखळी गुंडाळतात, ती बर्फात रुतते. तीव्र उतारावर वाटेत गवत किंवा वाळू टाकायचीही पद्धत होती.

नालबंद_कट्टा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नालेत आहे. साधी नाल बर्फावर दोन प्रकारे दगा देते. एक तर ती गुळगुळीत असते. दुसरं, नालेच्या कड्यात बर्फ साचून वितळतो, पुन्हा गोठतो आणि खुराखाली टणक गोळा तयार होतो. घोडा जणू उंच टाचेच्या चपलेवर चालायला लागतो, सांधा मुरगळतो, स्नायुबंध ताणले जातात.

गोळ्यावर उपाय म्हणजे नाल आणि खूर यांच्यामध्ये रबरी पॅड. त्याला मधोमध फुगवटा असतो, प्रत्येक पावलाला तो दबतो, उसळतो आणि बर्फ बाहेर फेकतो. तळव्याला व्हॅसलीन चोपडणं हा तात्पुरता इलाज, फार वेळ टिकत नाही. पकडीसाठी नालेच्या टोकांना टंगस्टन कार्बाइडचे बुटके खिळे बसवतात. ते बुटकेच हवेत. लांब खिळ्यांनी खूर जमिनीत जखडतो, पाऊल टेकताना जी किंचित सरक हवी ती मिळत नाही आणि धक्का थेट सांध्यात जातो. शिवाय घोडा स्वतःच्याच दुसऱ्या खुरावर पाय देऊन जखम करून घेतो.

बिननालेच्या खुराला भुसभुशीत बर्फात गोळे कमी धरतात, पण निव्वळ गोठलेल्या पाण्यावर त्याची पकड भरवशाची नाही.

आणि कडियाळी, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, तोंडात घालण्याआधी हातात धरून गरम करायची. गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं.

थंड_डोक्याने
@जुनी_लगाम, 5 टक्के हा आकडा गाडी चालत असतानाचा आहे, हे सांगायला हवं होतं. थांबलेली स्लेज हलवणं हे वेगळंच प्रकरण. चालताना रनरखाली घर्षणाने पाण्याचा बारीक थर धरतो, गाडी उभी राहिली की तो गोठतो आणि रनर जमिनीला चिकटतात. अशा वेळी घोड्याला सरळ पुढे दामटलं तर पट्टे तुटतात, नाहीतर घोडा अडायला शिकतो आणि ती खोड पुढे मोडत नाही. त्याला आधी थोडं डावीकडे, मग उजवीकडे वळवतात, म्हणजे एकेक रनर सुटतो. बराच वेळ थांबायचं असेल तर रनर आडव्या टाकलेल्या दोन बल्ल्यांवर चढवून ठेवतात.

थंडी वाढली की गाडी जास्त सुळसुळीत चालेल, हाही गैरसमजच. उणे 5 अंशांच्या आसपास छान चालते, पण उणे 25 च्या खाली कोरडा बर्फ वाळूसारखा ओढतो. ओला, पाझरणारा बर्फ रनरला धरून ठेवतो तो वेगळाच.

जुनी_लगाम
मान्य, निघतानाचा जोर मी धरलाच नव्हता.

चाकोरीबाहेर
घुंगरांबद्दल. बर्फावर टापांचा आवाज दबतो, चाकांचा खडखडाट नाही आणि गाडी पटकन थांबत नाही. वळणापलीकडच्याला सावध करायला दुसरं काय वाजणार? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर कायदाच आहे: घोड्याच्या स्लेजच्या साजाला किमान 3 घंटा हव्यातच. रशियन त्रोइकात, म्हणजे शेजारी शेजारी जुंपलेल्या तीन घोड्यांच्या गाडीत, मधल्या घोड्याच्या मानेवर लाकडी कमान असते, घंटा तिच्याखाली टांगतात. तो मधला घोडा दुडकी चालतो, बाजूचे दोघे माना बाहेर वळवून चौखूर धावतात.

चाकं नसली तरी चाकोरी मात्र होतेच. अमेरिकेच्या ईशान्येकडे एका घोड्याच्या स्लेजच्या दांड्या मुद्दाम एका बाजूला सरकवून बसवत. जोडीच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांपैकी एकीत घोडा चालावा, मधल्या खोल बर्फात नाही, म्हणून. तिथे रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, घोड्यांनी ओढायच्या भल्यामोठ्या लाकडी रोलरने दाबत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर बर्फ पडत नाही, म्हणून तिथे फावड्याने आणून पसरत. कोरड्या फळ्यांवर रनर घासत न्यायचे म्हणजे घोड्याचे हालच.

उताराचा_प्रवासी
सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: फेरी संपल्यावर घोडा गार पडू नये म्हणून लगेच झूल घालतात ना?

नालबंद_कट्टा
लगेच जाड झूल नको. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर पायी चालीने आणायचा, म्हणजे घाम आधीच कमी होतो. मग ओल शोषून घेणारी लोकरी झूल, आणि अंग कोरडं झाल्यावर जाड. ओल्या केसांवर पाणी न सोडणारी झूल टाकली तर आत वाफ कोंडते आणि घोडा काकडतो. पाणी कोमट द्या. "बर्फ चाटतोय की" म्हणून पाण्याची बादली टाळू नका. बर्फाने तहान भागत नाही, वर तो वितळवायला अंगातली ऊब जाते. पाणी कमी पडलं की आतड्यात चारा अडकून पोटशूळ होतो, आणि हिवाळ्यात हे बरेचदा होतं. चंदी, म्हणजे दाणा, वाढवण्यापेक्षा गवत वाढवा, ते पचताना अंगात ऊब धरते.