नवीन एटीव्ही घेतली, रनिंग-इन कसं करायचं? आणि पहिल्यांदा चालवताना काय सांभाळायचं?

रानवाटा
नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सच्या बरंच वर, थोडी जंगलाची जागा घेतली आहे आणि आता तिथल्या कामाला म्हणून यामाहाची कोडिॲक ४५० ही एटीव्ही (चार जाड चाकांची, हॅण्डलने चालवायची रानातली गाडी) घेतली. लाकडं ओढून आणायची, कुंपणाच्या कडेने फेरी मारायची आणि हिवाळ्यात पुढे ब्लेड लावून ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलायचा, एवढंच काम, रेसिंग वगैरे डोक्यात नाही. आता प्रश्न रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला कसं चालवून रुळवायचं याचा, आणि त्यावर जो तो वेगळं सांगतोय. डीलरकडचा मुलगा म्हणाला चालवा बिनधास्त, हल्लीच्या इंजिनांना काही लागत नाही. मॅन्युअलमध्ये मात्र पहिल्या १० तासांत अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटल (एक्सलेटर) सतत नको, १० ते २० तासांत पाऊणच्या वर जास्त वेळ नको असं लिहिलंय. आणि यूट्यूबवर एक जण छातीठोकपणे सांगतोय की पहिल्या दिवसापासून पिळून काढा, नाहीतर इंजिन कायमचं मंद राहतं. खरं कुणाचं धरायचं?

दुसरं म्हणजे मी नाशिकला असताना स्प्लेंडर भरपूर चालवली आहे, नवऱ्याला दुचाकीचा गंध नाही. त्यामुळे आधी मीच बसणार. बाइक येत असेल तर ही सहज जमते का? आणि धाकटा १० वर्षांचा आहे, मागे बसून एक चक्कर मारू दे म्हणून रोज डोकं खातोय, हळू नेलं तर चालेल ना?

ग्रीसचे_हात
मॅन्युअलचं धरा. पण ते तसं का लिहिलंय ते कळलं की तास मोजत बसायची गरज पडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्या इंजिनात सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, त्यात ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून घासून आपला आकार घेतात, यालाच आपण रिंगा बसणं म्हणतो. रिंग भिंतीला चिकटून दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या गॅसच्या दाबामुळे. म्हणजे इंजिनवर थोडा लोड पाहिजेच. त्यामुळे यूट्यूबवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, अंगणात उभी करून तासभर आयडलवर घुरघुरवत ठेवलं म्हणजे रनिंग-इन झालं असं समजणारे लोक इंजिनाचं नुकसानच करतात, रिंगा बसायच्या आधीच भिंत गुळगुळीत होते आणि मग गाडी जन्मभर ऑइल खाते. पण त्यावरून थेट फुल थ्रॉटल हे अतीच झालं, कारण नव्या भागांचं घर्षण जास्त, उष्णता जास्त, आणि सतत एकाच जोरावर पळवलं की ती उष्णता साठत जाते.

मधला मार्ग मॅन्युअलमध्येच आहे फक्त लोक पहिली ओळ वाचून सोडून देतात. नीट वाचा, अर्ध्याच्या वर "सतत" नको असं आहे. अधूनमधून थोडा जोर द्या, लगेच सोडा, इंजिन ब्रेकिंगवर हळू होऊ द्या, परत द्या. एकाच थ्रॉटलवर लांबच लांब जाऊ नका, वेग बदलत राहा. दर तासानंतर ५-१० मिनिटं थंड होऊ द्या. सकाळी सुरू केल्यावर एकदोन मिनिटं गरम होऊ द्या, मग हळू निघा. बास.

आणि इंजिनापेक्षा जास्त काळजी बेल्टची (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याची) घ्या, हे कुणी सांगत नाही. तुमची गाडी ॲक्टिव्हासारखीच बेल्टवाली आहे, गियर टाकायची भानगड नाही, पण इथे बेल्टवर पडणारा भार कैक पटींनी मोठा. नवा बेल्ट पुलीवर नीट बसेपर्यंत ओंडके ओढायला लावू नका. नंतरही ओढायचं काम, चढ किंवा खडकाळ जागा असेल तर लिव्हर हाय (नेहमीचा वेग) वरून लो (कमी वेग, जास्त जोर) वर घ्या. (गाडी पूर्ण थांबवून, चालत्या गाडीत नाही.) लोक आळसाने सगळं हाय मध्येच रेटतात, बेल्ट घसरतो, तापतो आणि एक दिवस रानात मधोमध तुटतो.

पहिली सर्व्हिस २० तास किंवा ३२० किमी किंवा एक महिना, जे आधी येईल ते. ही टाळू नका, पहिलं ऑइल काढाल तेव्हा बघा, रिंगा आणि गियर घासून निघालेला चंदेरी बुरा उन्हात धरला की चमकतो. तो इंजिनात फिरत राहिलेला बरा नाही. बिल जपून ठेवा, वॉरंटीला लागतं.

रानवाटा
वा, एवढं नीट डीलरनेही सांगितलं नव्हतं. काल घराभोवतीच थोडी फिरवली. एक शंका, उतरल्यावर जळका वास येत होता आणि किंचित धूरही दिसला. काही बिघडलं तर नसेल?

ग्रीसचे_हात
नव्या सायलेन्सरवरचा रंग आणि कारखान्यातलं संरक्षक तेल जळतं त्याचा वास असतो, पहिल्या काही फेऱ्यांत जातो. रबर जळल्याचा वास आला तर मात्र तो बेल्ट, लगेच थांबा. आणि तिसरा प्रकार, गवत जळल्याचा. तुमच्याकडे उंच गवत असणार, ते तुटून सायलेन्सरच्या वर आणि खालच्या स्किड प्लेटमध्ये (पोटाखालच्या संरक्षक पत्र्यात) अडकून वाळतं. दर फेरीनंतर गाडी गार झाली की हात घालून काढत जा. एटीव्ही जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जाता जाता टायरची हवा पण बघा. या टायरांना ४ ते ७ पीएसआय च्या आसपासच हवा लागते, तुमचा नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे तोच धरा. मोटारीच्या गेजवर ही हवा नीट वाचताच येत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो तो घ्या. दोन बाजूंना एकदोन पीएसआयचा फरक असला तरी गाडी एकीकडे ओढते आणि माणूस उगाच हॅण्डलला दोष देतो. पेट्रोल पंपावरच्या हवेने भरू नका, क्षणात टम्म फुगतो.

गिप्सलँडचा_गवळी
मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात डेअरीवर कामाला आहे, दिवसातला बराच वेळ क्वाडवरच जातो (इथे एटीव्हीला क्वाड बाइक म्हणतात). ग्रीसभाऊंनी इंजिनाचं सगळं सांगितलंय, ते काही बिघडत नाही हो सहसा. ताई, तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. बाइक येते म्हणून ही सहज जमेल का, तर उलट. ज्याला काहीच येत नाही तो बरा, निदान त्याला विसरायचं काही नसतं.

पहिली गोष्ट पाय. बाइकवाला माणूस तोल जरा गेला की पाय खाली टेकवतो, विचार न करता. इथे पाय खाली गेला की मागचं चाक त्यावरून जातं, आणि घोटा मोडतो. गाडी चार चाकांवर उभी आहे, तुमच्या पायाची तिला गरज नाही. दोन्ही पाय फुटबोर्डवर, थांबल्यावरसुद्धा. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला आधी मोकळ्या कुरणात नुसतं चालव-थांबव, चालव-थांबव करायला लावतात, पाय हलला की ओरडतात.

दुसरी गोष्ट डावा हात. बाइकवर तिथे क्लच, इथे मागचा ब्रेक. गडबडीत क्लच समजून करकचून दाबला तर उतारावर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरते.

तिसरं अंगठा. एक्सलेटर मुठीने पिळायचा नसतो, अंगठ्याने लिव्हर दाबायची असते. खड्ड्यात गाडी आपटली की शरीर पुढे जातं, हाताने हॅण्डल घट्ट धरलं जातं आणि त्याबरोबर अंगठाही दाबला जातो, म्हणजे नेमकं नको तेव्हा गाडी उडी मारते. यावर उपाय म्हणजे चार बोटांनी हॅण्डल धरायचं आणि अंगठा सैल. सुरुवातीला अंगठ्याचं मूळ दुखेल, आठवडाभरात सवय होते. तुमच्या गाडीला थ्रॉटलच्या डबीवर वेग मर्यादित करायचा स्क्रू असतो, नवरोबा शिकत असतील तेव्हा तो आत फिरवून ठेवा, अंगठा कितीही दाबला तरी गाडी ठरावीकच पळेल.

आता वळण. बहुतेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, मोटारीसारखा डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. त्यामुळे हॅण्डल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते आणि नवीन माणूस घाबरून अजून वळवतो. करायचं असं की आधी हळू व्हा, हॅण्डल वळवा, वजन बाहेरच्या बाजूच्या पायावर टाका आणि कमरेवरचं अंग आत झुकवा. आतल्या चाकावरचा भार हलका होतो आणि गाडी गपकन वळते. हे वाचून कळत नाही, दोन डबे ठेवून त्याभोवती आठचे आकडे काढा, अर्ध्या तासात अंगात भिनतं.

चढावर अंग पुढे, उतारावर मागे आणि लो मध्ये. उताराला आडवं जाणं सुरुवातीला नकोच. चढावर मध्येच थांबली तर ब्रेक दाबून धरा, पार्कमध्ये टाका आणि वरच्या बाजूने उतरा, खालच्या बाजूने कधीच नाही. इथे शेतात माणसं मरतात ती बहुतेक गाडी उलटून तिच्याखाली सापडून. म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरपासून इथे कामाच्या नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान असल्याशिवाय विकताच येत नाही, त्यापायी काही मोठ्या कंपन्यांनी इथे क्वाड विकणंच थांबवलं. कमानीवरून अजून भांडणं चालतात, मी कमानीच्या बाजूचा.

आणि धाकट्याला मागे बसवायचं नाही. हळू नाही आणि जोरात नाही. डबलसीटची आपली सवय इथे विसरा. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला मागेपुढे सरकता यावं म्हणून. मागे माणूस बसला की चढावर पुढचं उचललं जातं आणि तुम्हाला सरकायला जागा उरत नाही. कोडिॲक स्वतः चालवायलाही १६ वर्षं पूर्ण लागतात. फारच हट्ट असेल तर त्याच्या वयाची छोटी गाडी वेगळी मिळते, हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट आणि तुमची नजर, हे असेल तर.

आंबेवाला_देवगड
वाचतोय. आमच्याकडे एटीव्ही म्हणजे बीचवर पर्यटकांना चकरा मारायला देतात तेवढीच, हेल्मेट नाही काही नाही, पुढे बाबा मागे आई मध्ये पोर. वरचा प्रतिसाद छापून त्या गाडीवाल्यांच्या टपरीला चिकटवायला हवा. कलमांच्या बागेत पेट्या आणायला अशी गाडी बरी पडेल असं कधीपासून मनात आहे, पण आमचे कातळाचे चढ आणि पावसात शेवाळ. ही गाडी रस्त्यावर चालते का हो?

ग्रीसचे_हात
भारतात साधी एटीव्ही रस्त्यासाठी पास होत नाही, आपल्या जागेतच. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० चं ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारं मॉडेल तिथे आणलं होतं, ते आता मिळतं का आरटीओत विचारून मगच हात घाला. शेवाळावर मात्र फोर व्हील ड्राइव्हही फार काही करू शकत नाही, चढेल पण उतरताना थांबणार नाही. पेट्यांना पॉवर टिलरला ट्रॉली लावलेली परवडेल.

रानवाटा
सगळ्यांचे खूप आभार. धाकट्याला सांगितलं, तोंड फुगलंय. डबे ठेवून आठचे आकडे सुरू केलेत, पाय सारखा खाली जातो हे अगदी खरं आहे. शेवटचं, पुढे मोठ्या ट्रेलवर (जंगलातल्या कच्च्या वाटेवर) न्यायची असेल तर?

लेकसाइड_लेले
मीही मिशिगनच. स्वतःच्या जागेत काही लागत नाही, पण सरकारी ट्रेलवर जायचं तर डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) चं ओआरव्ही (रस्त्याबाहेर चालवायच्या गाड्यांचं) लायसन्स आणि ट्रेल परमिट दोन्ही घ्या, ऑनलाइन मिळतात, १ एप्रिल ते ३१ मार्च असं वर्ष धरतात म्हणून मार्चमध्ये घेऊन पैसे घालवू नका. हेल्मेट लागतंच. सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलात तर गाडीला उंच काठीवर केशरी झेंडा लागतो, जमिनीपासून १० फूट, टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून. पण ते रनिंग-इन संपल्यावर, मऊ वाळूत इंजिन आणि बेल्ट दोन्हीला सतत जोर लागतो.

जायच्या आधी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा रायडर कोर्स दोघांनी करा, साधारण अर्ध्या दिवसाचा असतो. नवीन गाडी घेणाऱ्याला बऱ्याचदा फुकट मिळतो, तुमच्या कागदपत्रांत कुपन आहे का बघा. आणि ट्रेलरवर चढवताना रॅम्प पट्ट्यांनी ट्रेलरला बांधल्याशिवाय गाडी चढवू नका, पुढची चाकं वर गेली की मागच्या चाकांच्या रेट्याने रॅम्प सटकतो. लो मध्ये, एका दमात, हळू.