शुअर ५५एस मायक्रोफोन: क्रोमवरचे डाग किती काढावेत?

ध्वनिवेडा: काचेच्या कपाटात मांडायला जुना शुअर ५५एस घेतलाय. समोरच्या उभ्या पट्ट्या अजून लखलखतात, पण बुडाशी क्रोमवर बारीक खड्डे आहेत आणि जाळीमागून काळपट भुगा गळतो. मला तो नवाकोरा करायचा नाही, त्याचं वय दिसायलाच हवं. मग हात कुठवर लावू?

तांब्याची_तार: भुगा बहुतेक जाळीमागच्या कुजलेल्या स्पंजचा असेल. तो काढाच, नाहीतर आतल्या, आवाज टिपणाऱ्या पडद्यावर बसेल. खड्ड्यांच्या नादी लागू नका. तिथे क्रोमखालचा धातू गंजलाय, पॉलिशने तो भरत नाही. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, घासलंत तर उरलेलाही जाईल. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं फिरवा, लगेच कोरडं करा. तारेची घासणी अजिबात नको.

जुना_रिबनवाला: घासणीबद्दल शंभर टक्के सहमत. आतल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला की निघता निघत नाही. पुढे आरसीए ७७ हा रिबन मायक्रोफोन घेतलात तर त्यात फुंकरही मारू नका, अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, म्हणजे रिबन, ताणली जाते. आणि ५५एसशेजारी १९३९चा मूळ, मोठा ५५ नक्की ठेवा. १९५१ला त्याच घाटाचा आकार किती आटोपशीर केला, ते तेव्हाच कळतं. मला तर मोठाच जास्त देखणा वाटतो.

ध्वनिवेडा: स्पंज आजच काढतो. खड्डे तसेच राहू देत.