लोकल क्लब म्हणजे बिअरचा अड्डा? टार्नीटकरांना उत्तर (लांबलंय, माफी)

लाँगऑन
काल टार्नीटकरांची (टार्नीट म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेचं उपनगर) पोस्ट वाचली. म्हणे ऑस्ट्रेलियातला लोकल क्रिकेट क्लब म्हणजे "बिअर पिण्यासाठी काढलेली संस्था, मधल्या वेळात क्रिकेट". मराठी माणसाने तिथे साडेतीनशे डॉलर फी भरण्यापेक्षा आपापल्या ओळखीतली टीम काढावी आणि रविवारी टी-ट्वेंटी खेळून दुपारी जेवायला घरी यावं. खाली चाळीस अंगठे. तिथेच कमेंट लिहायला घेतली, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला एकाच क्लबात अकरा वर्षं आहे. काही फार ग्रेट खेळत नाही, सी ग्रेड म्हणजे खालची पातळी, मॅटवर, ऑफस्पिन म्हणजे हळू सरळ बॉल. पहिल्या वर्षी माझंही तेच झालं जे टार्नीटकरांनी लिहिलंय. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर फळ्यावर टीम लागायची, त्यात माझं नाव दर आठवड्याला वेगळ्या स्पेलिंगने, कायम नवव्या नंबरावर. पण शनिवारी सकाळी अकराला जो माणूस येऊन पिच झाडतो, स्प्रिंगवाले स्टंप शेडमधून काढतो, बाउंडरीचे कोन लावतो, तो एकटा सत्तरीचा म्हातारा होता आणि बाकी अकराजण टॉसला पाच मिनिटं असताना गाडी लावायचे (त्यात आपले चार). मी त्याच्याबरोबर जायला लागलो. कशाला, तर घरी पाहुणे होते आणि मला बाहेर पडायचं होतं, एवढंच. तिसऱ्या सीझनला त्याने शेडची किल्ली माझ्या हातात दिली, तिला एक मळका टेनिस बॉल बांधलेला आहे, हरवू नये म्हणून. बोलला काहीच नाही. त्यानंतर कोणी माझं नाव चुकवलं नाही हो.

ब्रॅडमन १९२६ मध्ये बाउरलहून पहाटे उठून ट्रेनने सिडनीला यायचा सेंट जॉर्ज क्लबाकडून खेळायला, परत घरी पोचायला मध्यरात्र. मॅक्ग्रा नॅरोमाइनहून सदरलँड क्लबात आला आणि कॅरव्हॅनमध्ये राहिला. हे लोक क्लबापायी एवढं करायचे, आणि आपल्याला टार्नीटहून वीस मिनिटं ड्राइव्ह जड जाते?

टार्नीटकर
वा. म्हणजे फी पण आम्ही भरायची, झाडू पण आम्ही मारायचा आणि तीन वर्षांनी बक्षीस काय तर किल्ली. तुम्हाला वॉचमन केलं साहेब, मेंबर नाही.

आता माझं ऐका. एका क्लबात (नाव घेत नाही) दोन सीझन काढले. पहिल्या सीझनला चौदा मॅच, त्यातल्या नऊ वेळा बॅटिंगच आली नाही. दोन दिवसांची मॅच म्हणजे दोन शनिवार, पहिल्या शनिवारी ऐंशी ओव्हर फाइन लेगला उभं राहायचं, दुसऱ्या शनिवारी पॅड घालून बसायचं, मग कॅप्टनचा मेहुणा नॉटआउट सत्तर. शनिवारचं म्हणाल तर बायकोला मुलांचं स्विमिंग, डान्स, मराठी शाळा एकटीला करायला लागायचं, तिचं तोंड बघून घरात शिरायची हिंमत व्हायची नाही. आणि नाव! माझं नाव पाच अक्षरी आहे, तीन महिन्यांत त्याचं 'राज' झालं. माझ्या नावात र नाही आणि ज पण नाही.

ब्रॅडमनचं उदाहरण देऊ नका. तो फर्स्ट ग्रेडला खेळायला ट्रेनने यायचा, फाइन लेगला उभं राहायला नाही.

दादरचा भिडू
अवांतर आहे पण राहवत नाही. क्लब क्रिकेटचं कौतुक आम्हाला सांगू नका. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून चालू आहे, भर पावसात, ओल्या विकेटवर, गुडघाभर गवतात बॉल शोधायचा, आझाद मैदानात एका मॅचचा पॉइंट म्हणजे दुसऱ्या मॅचची स्लिप. तिथे दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची मॅच म्हणजे काय असायची ते ज्याने पाहिलं त्याला विचारा. मॅटवर स्प्रिंगचे स्टंप लावून खेळणाऱ्यांनी क्लब कल्चर वगैरे शब्द वापरू नयेत.

लाँगऑन
भिडू, कांगाबद्दल आदर आहेच. पण एक सांगा, मुंबईत ज्याला खेळता येत नाही त्याला कोणी डी डिव्हिजनला तरी घेतं का? इथे पन्नाशीचा प्लंबर आणि त्याचा पंधरा वर्षांचा पोरगा एकाच फोर्थ इलेव्हनमध्ये असतात, बापाने कॅच सोडला की पोरगा शिव्या घालतो. मला तेच आवडतं.

जुना स्कोअरर
दोन दुरुस्त्या. एक, ब्रॅडमन कायम सेंट जॉर्जचा नव्हता, १९३३-३४ ला नॉर्थ सिडनीकडून खेळला, मग अ‍ॅडलेडला जाऊन केन्सिंग्टन. सिडनीत तेव्हा जिथे राहता तिथल्याच क्लबाकडून खेळायचा नियम होता, १८९३ ला ग्रेड क्रिकेट सुरू झालं ते याच तत्त्वावर. म्हणजे "ओळखीतली टीम" मोडून वस्तीची टीम करायची हीच मूळ कल्पना. हे टार्नीटकरांच्या विरोधात जातं.

दुसरी लाँगऑनच्या विरोधात. झाडू मारला, राबलं, की आपलं मानतात असं तुम्ही म्हणताय. जॉनी मलाघचं काय मग? १८६८ ला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंची टीम इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियातून परदेशी खेळायला गेलेली पहिली क्रिकेट टीम तीच, ४७ मॅच खेळली, १४ जिंकल्या, १४ हरल्या. मलाघने एकट्याने १६९८ रन आणि २४५ विकेट काढल्या. परत येऊन हा माणूस व्हिक्टोरियातल्या हॅरो गावच्या क्लबाकडून वर्षानुवर्षं खेळला. आणि अ‍ॅप्सली गावी मॅचसाठी गेले तेव्हा त्याला झोपायला तबेल्याशेजारची खोली दाखवली. तो त्या खोलीत गेलाच नाही, रात्रभर बाहेर उघड्यावर झोपला. १८९१ ला वारला तेव्हा हॅरोवाल्यांनी सन्मानाने पुरला, स्मारक बांधलं. बॉक्सिंग डे टेस्टच्या सामनावीराला त्याच्या नावाचं मेडल मिळायला मात्र २०२० उजाडलं. क्लब माणसाला जवळ करतो हे खरं, पण किती जवळ ते क्लबच ठरवतो.

लाँगऑन
हे माहीत नव्हतं. तबेल्याचं. गप्प बसतो.

टार्नीटकर
अरे वा, गप्प बसले. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मूळ मुद्दा राहिलाच. बार. मॅच संपली की सहा वाजल्यापासून बार, न पिणारा माणूस कोक घेऊन कोपऱ्यात. त्यात ते दंड, डक काढला म्हणून दंड, मोजे चुकीचे म्हणून दंड. मी पीत नाही, मी काय करू तिथे तीन तास? आणि खायला काय, तर सॉसेज सिझल, म्हणजे ब्रेडमध्ये भाजलेलं सॉसेज. शाकाहारी आहे सांगितलं तर ब्रेडच्या स्लाइसमध्ये परतलेला कांदा घालून देतात, वर सॉस. कांदा आणि पाव! दोन सीझन कांदापाव खाल्ला मी.

लाँगऑन
२०२२ च्या जानेवारीत होबार्टला अ‍ॅशेस मालिका संपल्यावर कमिन्सने शॅम्पेन थांबवून न पिणाऱ्या ख्वाजाला स्टेजवर बोलावलं होतं, आठवतं का? बदलतंय सगळं.

टार्नीटकर
ती टेस्ट टीम. आमच्या डी ग्रेडला कमिन्स नाही, मेहुणा आहे.

पांढरा रस्सा
थांबा थांबा. "मराठी माणसाला कांदापाव खावा लागतो" हे काय आहे? मराठी म्हणजे शाकाहारी हे कधी ठरलं? आम्ही कोल्हापूरचे, सिडनीत, क्लबाच्या मीट ट्रेच्या सोडतीत मी तीनदा लँब जिंकलाय आणि तिसऱ्या वेळी क्लबाच्याच बार्बेक्यूवर रस्सा केला, पांढरा आणि तांबडा दोन्ही. गोऱ्यांनी ताटं चाटली. प्रॉब्लेम क्लबाचा नाही, तुमच्या ताटाचा आहे.

टार्नीटकर
माझ्या ताटाचा प्रॉब्लेम? माझ्या घरी आठ पिढ्या कोणी

टार्नीटकर
अर्धवट गेलं. काढायचं होतं. असो.

पांढरा रस्सा
नाही नाही, पूर्ण करा ना. आठ पिढ्या काय? बोला. दर वेळी हाच सूर, गणपतीत हाच, दिवाळीच्या पार्टीत हाच, मटण आणलं की वेगळं टेबल, आम्ही जणू पाकिस्तानातून आलोय. गोऱ्याने तुला राज म्हटलं तर केवढं लागलं, आणि तू आम्हाला वेगळ्या टेबलावर बसवतोस ते?

दादरचा भिडू
झालं, धाग्याचा काश्मीर झाला. आमच्याकडे कांगाला वडापाव असतो, सगळे खातात, सर्व जातींचे.

पांढरा रस्सा
वडापाव खाऊन जात जात असती तर मुंबई कधीच स्वच्छ झाली असती भिडू.

पर्थची काकू
तुमच्या टेबलांचं ठरलं असेल तर मी बोलू का? कांदा कोण चिरतं हे कोणी विचारलंय का?

मी चिरते. नवरा आणि मुलगा दोघंही क्लबात, म्हणून कँटीनच्या रोस्टरवर माझं नाव आपोआप. बेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या खोलीत दहा किलो कांदा, ती मोठी लोखंडी प्लेट, आणि बाहेर हे सगळे पांढऱ्या कपड्यात "क्लब कल्चर". पूर्वी तर इथल्या बायका दर शनिवारी चहा, सँडविच, स्कोन घेऊन यायच्या, प्रत्येक जुन्या क्लबाच्या इतिहासात एक फोटो असतो, मागे उभ्या बायका, खाली नाव फक्त पुरुषांचं. ('प्लेट घेऊन या' म्हणजे खाणं भरून आणा, हे न कळून रिकामी प्लेट घेऊन गेलेल्या देशी वहिनींचा जोक कोणी टाकणार असेल तर कृपया नको, तो मी पंधरा वर्षं ऐकतेय.)

बेंडिगोला १८७४ साली बायकांची मॅच झाली होती, चॅरिटीसाठी. बेटी विल्सन दहा वर्षांची असताना कॉलिंगवूडच्या बायकांच्या क्लबात शिरली आणि १९५८ ला मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर एकाच टेस्टमध्ये शंभर रन आणि दहाच्या वर विकेट, असं पुरुषांनीही तोवर केलं नव्हतं. हे मला कोणी सांगितलं? आमच्या क्लबातल्या ऐंशी वर्षांच्या एका आजीने, माझ्या शेजारी पाव कापताना. तिचं स्वतःचं नाव लाइफ मेंबरच्या सोनेरी फळ्यावर गेल्या वर्षी चढलं, तिच्या नवऱ्याचं चढून तीस वर्षं झाली होती.

मी दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये सांगितलं, कांदा चिरीन पण मला स्कोअरिंग शिकवा आणि बायकांची टीम काढा. हसले. यंदा टीम आहे. मी आठव्या नंबरला. दोन मॅचमध्ये अकरा रन.

जुना स्कोअरर
काकू, स्कोअरिंग आता टॅबवर आहे, माय-क्रिकेट जाऊन प्ले-एचक्यू आलं तेव्हापासून मी रडतोय. वही ठेवा बरोबर. टॅब उन्हात तापला की बंद पडतो, आणि लेग बाय कुणाच्या नावावर गेला ते देवाला माहीत.

टार्नीटकर
काकू, तुमच्याबद्दल काही नाही. तुम्हाला मानलं.

रस्सा, ते वाक्य मी लिहायला नको होतं. पूर्ण केलं नाही म्हणजे मनात होतंच, ते नाकारत नाही. वेगळ्या टेबलाचं तुमचं खरं आहे, आमच्या दिवाळीला असतं, मीच लावतो.

पण क्लबाबद्दल माझं मत तेच आहे. आता क्रिकेटच्या नोंदणीत सिंग आडनाव स्मिथच्या पुढे गेलंय, फी आम्ही भरतो, पोरं आमची, तरी सिलेक्शनला बसतो कोण? माझ्या मुलाला अंडर-१४ ट्रायलला सहा बॉल दिले, सहा. शेजारच्या नेटमध्ये कोचचा मुलगा अर्धा तास. गाडीत बसल्यावर पोरगा म्हणाला, बाबा मला बॅडमिंटन खेळायचंय. त्या दिवशी मी ती पोस्ट लिहिली. बिअरबिअर नंतर सुचलं.

लाँगऑन
हे आधी लिहिलं असतं तर मी धागा काढलाच नसता.

सिलेक्शनला कोण बसतं याचं उत्तर, जो जनरल मीटिंगला येतो तो. आमच्याकडे मागच्या वर्षी सतरा पदं होती आणि मीटिंगला एकवीस माणसं. आपले किती? मी आणि एक श्रीलंकन. ज्युनियर कोऑर्डिनेटरला उमेदवारच नव्हता, फळ्यावर रिकामी जागा सोडून सगळे बिअर प्यायला गेले. हो, बिअर. ते तुमचं बरोबर आहे.

तुमच्या मुलाचं वाईट वाटलं. खरंच.

पांढरा रस्सा
टार्नीटकर, ठीक आहे. यंदा दिवाळीला एकच टेबल लावा, मी पनीर पण आणतो. चांगलं नसेल, आधीच सांगतो.

टार्नीटकर
लाँगऑन, ती ज्युनियर कोऑर्डिनेटरची जागा अजून रिकामी आहे का? उगाच विचारतोय. आणि वॉचमनगिरी करणार नाही.

लाँगऑन
रिकामी आहे. मुलांबरोबर काम करायचं कार्ड लागतं, ऑनलाइन भरा, लगेच होत नाही. आणि या शनिवारी थर्ड्सला (तिसऱ्या टीमला) दोन माणसं कमी आहेत, एकाचं लग्न, एकाची पाठ. नवव्या नंबरला खेळणार का?

टार्नीटकर
सहाव्या.

लाँगऑन
आठव्या. कांदा नसेल, व्हेज सॉसेज मी आणतो. सव्वाअकराला या, पिच झाडायचंय.

दादरचा भिडू
पाऊस पडला तर काय करता तुम्ही लोक, मॅच रद्द?